जायफळाचे वेढे

अदिती साडेतीन किलोची जन्मली आणि त्यातला अर्धा किलो तरी नुसता वारा असावा, असं तिचे आजोबा नारायणराव म्हणत. सुरुवातीला ते हसून म्हणत. तिसऱ्या आठवड्यात त्यांचंही हसू आटलं. रोज दिवेलागणीला पोरगी पाय पोटाशी ओढायची, मुठी आवळायची, तोंड लालबुंद करायची आणि जो सूर लावायची तो शेजाऱ्यांचे टीव्ही बंद झाले तरी उतरायचा नाही. खांद्यावर घेऊन पाठ थोपटली की एखादी ढेकर यायची, सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा, आणि पाच मिनिटांत पुन्हा तेच.

घरात बाळ रडतंय म्हटलं की ज्याला त्याला कंठ फुटतो. समोरच्या काकू म्हणाल्या, बेंबीभोवती हिंग लावा. मेडिकलवाल्याने न विचारता थेंबांची बाटली काढून दिली. अकोल्याहून बाळाच्या वडिलांकडच्या आजीने फोनवर मीठमोहऱ्या ओवाळायला सांगितल्या. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "काही नाही, गॅसेस आहेत. तीन महिन्यांनी आपोआप थांबतील. घुटीबिटी मात्र देऊ नका." तीन महिने! ज्या बाईने अठरा रात्री सलग दोन तास डोळा मिटलेला नाही तिला तीन महिने थांब म्हणायला जीभ कशी रेटते, देव जाणे.

ही बाई म्हणजे जुईली, अदितीची आई. एकतीस वर्षांची, अकोल्याच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून अमरावतीला साईनगरात आईवडिलांकडे आलेली. नवरा पुष्कर अकोल्याच्या कोर्टात वकिली करायचा आणि रविवारी यायचा. रविवारचा बाप होणं सोपं असतं. तो यायचा, फोटो काढायचा, पोरीला तासभर खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचा, "बाबाजवळ कशी गप्प राहते बघा" हे कौतुक पदरात पाडून घ्यायचा आणि सोमवारी सकाळी कोर्टाच्या वेळेला अकोल्यात हजर.

जुईलीला मात्र वार कळेनासे झाले होते. एकदा तिने टूथपेस्ट समजून बाळाचं मलम ब्रशवर घेतलं आणि तोंडात फेस का येत नाही म्हणून आरशासमोर उभी राहिली. एकदा पाळणा हलवता हलवता तिच्या लक्षात आलं, की बाळ आपल्या मांडीवर आहे आणि पाळणा रिकामा आहे. हे सगळं ती आईला हसत सांगायची. एक गोष्ट मात्र तिने कोणाला सांगितली नाही. एका पहाटे रडणाऱ्या पोरीला दोन्ही हातांत धरून ती उभी होती आणि हिला पलंगावर आपटावं असं तिला वाटलं होतं. नुसतं वाटलं. पण वाटलं.

या सगळ्यात एक तास सुखाचा असायचा. सकाळी नऊला मनकर्णाबाई यायच्या.

मनकर्णाबाई सत्तरीला टेकलेल्या. बडनेरा रोडच्या मागच्या वस्तीतून पायी यायच्या, हातात कापडी पिशवी. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या बाळंतिणींचं आणि लेकरांचं अंग चोळलं होतं. जुईलीला पहिली आंघोळ त्यांनीच घातली होती, त्यामुळे ती लग्न होऊन गेली, मास्तरीण झाली, तरी त्यांच्या लेखी ती उघडी पोरच. साडी गुडघ्यावर घेऊन पाय लांब करून त्या मोरीत बसायच्या, बाळाला पायांवर पालथं टाकायच्या, आणि त्यांचा तेलाचा हात पाठीवरून फिरायला लागला की अदिती रडायचं विसरायची. पोट चोळताना बोटं अशी गोल फिरायची की अडकलेला वारा आवाज करून बाहेर पडायचा. "निघाला, निघाला, चोर निघाला," मनकर्णाबाई म्हणायच्या, आणि जुईलीला सुखाने रडू यायचं.

आंघोळ झाली की घुटी. डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं होतं, पण जुईलीची आई शैलाताई, तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, म्हणाली, "आम्ही सगळे घुटीवरच वाढलो, कोणाला काय झालं?" यावर कोण काय बोलणार! मनकर्णाबाई सहाण धुऊन घ्यायच्या, तिच्यावर आईचं दूध घालायच्या आणि एकेक जिन्नस उगाळायच्या. सहाणेवर एक गोल फिरवलं की एक वेढा.

"पाय जुई, शिकून घे," त्या म्हणायच्या. "मी काई तुले जन्मभर पुरत नाई. हयकुंडाचा एक, वेखंडाचा एक. मुरडशेंगीचे दोन, पोटात मुरडा येते ना तिले. अन् हे जायफळ. याचा एकच. लेकरू कितीबी रडो, दुसरा नाई."

"का, मावशी?"

"झोप येते त्यानं, माय. झोप येते म्हनूनच एक."

जुईली रोज शेजारी बसून त्यांच्याबरोबर वेढे मोजायची. मोजायची तिला सवयच होती. मग ते चाटण चांदीच्या बोंडल्याने बाळाच्या तोंडात जायचं आणि बाळ तासभर तरी झोपायचं.

अदिती पाच आठवड्यांची झाली तेव्हा मूर्तिजापूरला शैलाताईंच्या चुलतभावाच्या मुलाचं, शुभंकरचं, लग्न आलं. घरचंच कार्य, न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. शैलाताईंचा पाय निघेना. जुईलीच म्हणाली, "जा गं तुम्ही दोघं. संध्याकाळी तर परत याल. मनकर्णामावशी आंघोळ घालून जातील, मग ती झोपेलच." त्या दिवशीही मनकर्णाबाई नऊला आल्या, सगळं रोजच्यासारखं झालं, जायफळाचा एक वेढा जुईलीने स्वतः मोजला. दहाला बाई गेल्या. आईबाबा त्याआधीच गेले होते.

बाळ साडेदहाला झोपलं आणि सव्वाअकराला उठलं. त्यानंतर दुपारी दोनपर्यंत जे झालं ते सांगण्यासारखं काही नाही, कारण काहीच झालं नाही. नुसतं रडणं. जुईलीने पाजलं, ढेकर काढली, पाय सायकलसारखे फिरवले, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं, थेंब दिले, गाणी म्हटली, ओरडली, माफी मागितली. टाके दुखत होते. सकाळपासून तिने चहासुद्धा घेतला नव्हता. शेवटी तिने पोरीला पलंगाच्या मधोमध ठेवलं, दोन्हीकडे उशा लावल्या आणि दार ओढून स्वयंपाकघरात आली. दारातूनही रडणं येतच होतं.

सहाण ओट्यावर पालथी घातली होती. शेजारी घुटीचा डबा.

इथे कोणी म्हणेल, बिचारीला झोपेत काही सुचलं नसेल, हाताकडून होऊन गेलं असेल. तसं नाही. जुईलीने डबा उघडला, बाकी सगळं बाजूला सारून जायफळ उचललं, सहाणेवर दूध घेतलं आणि मोजून वेढे दिले. एक झाला. दोन. तीनला ती थांबली. आतून बाळाने श्वास ओढून पुन्हा सूर लावला, आणि तिने चौथा दिला. मग आठपर्यंत ती थांबली नाही. ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला की सगळा प्रयोग वाया, हे वर्गात दरवर्षी सांगणारी बाई होती ती.

बाळाने मुकाट चाटलं. अर्ध्या तासात गप्प झालं. जुईलीने सहाण धुतली, पुसली, होती तशी पालथी घातली, जायफळ कोरडं करून डब्याच्या तळाशी ठेवलं. हे सगळं व्यवस्थित आवरलं, हेच तिला पुढे सगळ्यात जास्त टोचत राहिलं. मग ती बाळाशेजारी आडवी झाली. सांगायला लाज वाटते, पण तशी गोड झोप तिला त्याआधी कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सातला दाराची बेल वाजली. आईबाबा आले होते, लग्नातले लाडू घेऊन. जुईलीचा गाऊन दुधाने भिजला होता. बाळ अजून झोपलेलंच.

"अगबाई, झोपली का शहाणी!" शैलाताई हरखल्या. "उठवू नको गं. झोपू दे."

आठला मात्र जुईलीने तिला उचललं. मान मागे गेली. हात उचलून सोडला तर तो खाली पडला. छातीशी धरलं तर ओठ हललेच नाहीत. गालावर टिचकी मारली, तळपायावर मारली, पाणी शिंपडलं. पोरीने डोळे अर्धवट उघडले आणि मिटले. श्वास चालू होता, पण मोजता यावा इतका हळू.

नारायणराव धावत जाऊन रिक्षा घेऊन आले. हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरने बाळाला जवळजवळ हिसकावून घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि वर न बघता विचारलं, "काही दिलंय का हिला?"

"घुटी देतो आम्ही," शैलाताई चाचरत म्हणाल्या.

"जायफळ असतं त्यात?"

"असतं."

"किती दिलं?"

शैलाताईंनी जुईलीकडे पाहिलं. नारायणरावांनीही पाहिलं. आणि जुईली म्हणाली, "बाई येतात घुटी द्यायला. किती देतात ते त्यांनाच माहीत."

शब्द तिच्या तोंडून इतके सरळ बाहेर पडले की ती स्वतःच चकित झाली. डॉक्टर पुटपुटला, "या बायका एखाद्या दिवशी पोर मारतील," आणि बाळाला घेऊन आत गेला. जुईली बाकावर बसली. आधी बाळ वाचू दे, मग सांगते, असं तिने देवाला सांगितलं.

बाळ वाचलं. दोन दिवस सलाईन, नाकात नळी, काचेपलीकडे ते एवढंसं अंग. पुष्कर त्याच रात्री अकोल्याहून गाडी काढून आला आणि भिंतीला डोकं टेकून रडला. तिसऱ्या दिवशी सकाळी अदिती कडाडून रडली तेव्हा सगळा वॉर्ड जागा झाला, आणि ज्या रडण्याला घर विटलं होतं ते ऐकून चौघंही एकमेकांच्या गळ्यात पडले. तेव्हा जुईली सांगू शकली असती. पण सगळे इतके आनंदात होते, की आत्ता कशाला, असं तिच्या मनाने घेतलं. देवाला दिलेला शब्द मोडायला माणसाला फार वेळ लागत नाही.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मनकर्णाबाई आल्या. घराला कुलूप पाहून रोज परत जात होत्या, कोणीतरी सांगितलं होतं की बाळाला दवाखान्यात नेलं. फाटकाशीच त्यांनी विचारलं, "कशी हाये वो माही बाय?"

शैलाताईंनी फाटक उघडलं नाही.

जुईली आतल्या खोलीत खिडकीपाशी बाळाला घेऊन बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. आईचा आवाज चढत गेला. डॉक्टर काय म्हणाला, किती खर्च आला ते जाऊ द्या, पोर हातची गेली असती, इतक्या वर्षांचा विश्वास. मग पुष्करचा आवाज. "पोलिसात द्यायला पाहिजे तुम्हाला. म्हातारपण बघून सोडतोय."

"बाई, एकच वेढा देते मी," मनकर्णाबाई म्हणत होत्या. "चाळीस वर्सं झाले. एकाच्या वर कधी दिला नाई, माह्या लेकीच्या लेकरालेई नाई देला."

"डोळ्यांनी दिसतं का तुम्हाला? मागच्या आठवड्यात दाराच्या चौकटीला धडकलात!" शैलाताई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनी फाटकाचा गज धरला. मग त्यांचा आवाज खिडकीच्या दिशेने आला. तिथे जुईली आहे हे त्यांना दिसलं असेल, किंवा नसेलही. "जुई, तू होती ना तिथीसा? तू तर मोजून राहिली होती. सांग बरं तुह्या मायले, किती वेढे देले मी?"

जुईलीच्या मांडीवर अदिती टक्क जागी होती, आईच्या तोंडाकडे बघत.

"मी लक्ष दिलं नव्हतं, मावशी," जुईली म्हणाली.

थोड्या वेळाने चपलांचा आवाज दूर गेला. जुईलीने खिडकीतून पाहिलं तेव्हा रस्ता रिकामा होता.

सव्वा महिन्याचं देवदर्शन झालं आणि ती अकोल्याला सासरी आली. अडीच महिन्यांची होता होता अदितीचं रडणं आपोआप थांबलं. एका संध्याकाळी सहा वाजले, सात वाजले, आणि पोरगी आपल्याच मुठीशी खेळत पडून राहिली. डॉक्टरीणबाईंनी तीन महिने सांगितले होते, पोरीने पंधरा दिवस आधीच हिशेब संपवला. नुसतं थांबायचं होतं. जुईली पाळण्याशेजारी फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. सासूबाईंना वाटलं, बाळंतिणीचं मन हळवं असतं.

शैलाताई जबाबदार बाई. त्यांनी कॉलनीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळा प्रकार लिहिला, नावानिशी, इतरांच्या लेकरांना धोका नको म्हणून. मनकर्णाबाईंची तीन घरं त्याच आठवड्यात सुटली, उरलेली दोन पुढच्या महिन्यात. दिवाळीच्या सुमारास आईने फोनवर सहज सांगितलं, "ती मनकर्णाबाई गाव सोडून गेली म्हणे. अकोटला नातीकडे राहते." जुईली "बरं" म्हणाली. मग दुसऱ्या कशावर तरी बोलली.

पुष्करला सांगायचा तिने दोनदा प्रयत्न केला. एकदा तो जेवत होता, म्हणून राहिलं. दुसऱ्यांदा तिने सुरुवात केली, "तू त्या बाईंना जरा जास्तच बोललास," आणि तो म्हणाला, "माझ्या पोरीला मारत होती ती. तुला अजून तिची दया येते? कमाल आहे तुझ्या मनाची." या कौतुकापुढे तिची जीभ उचलली नाही. चूक एकदा झाली होती, दुपारी दोन वाजता. बाकीचं सगळं तिने रोज नव्याने केलं.

फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आल्या आणि बाहेरची परीक्षक म्हणून तिला अकोटचं कॉलेज मिळालं. अदिती तेव्हा चौदा महिन्यांची होती, धरून धरून चालत होती. पत्रावर अकोट हे नाव वाचलं आणि जुईलीने ठरवलं. आईला फोन करून तिने मनकर्णाबाईंच्या नातीचा पत्ता काढला. "कशाला गं?" आईने विचारलं. "एक लुगडं द्यायचंय," ती म्हणाली. खोटं बोलायला ती आता सरावली होती.

दुपारी दोनला मुलांची शेवटची तुकडी संपली. मार्कांच्या पाकिटावर सही करून ती विचारत विचारत निघाली. जिनिंगच्या कारखान्यामागच्या गल्लीत नातीचं घर होतं. नालीच्या कडेने कापसाचे पुंजके साचले होते. घर सापडायला अडचण आली नाही, कारण आतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. ते रडणं जुईलीला पाठ होतं.

दार उघडलं ते आचलने. मनकर्णाबाईंची नात, बावीस-तेवीस वर्षांची, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर महिन्याभराचं पोर. "आजी, तुह्याकडं कोनी आलं वं," तिने आत हाक दिली.

मनकर्णाबाई खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बाजेवर बसल्या होत्या. अंगाने अर्ध्या झालेल्या. पण डोळे स्वच्छ होते. त्यांनी जुईलीला दारातच ओळखलं.

"जुई? माही माय वं!" त्या उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. "बाय कशी हाये? चालते का?"

"चालते, मावशी. बोलते पण थोडं थोडं."

"देवानं राखली," त्या म्हणाल्या आणि हात जोडून कपाळाला लावले.

बाळ रडतच होतं. आचलने त्याला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "दोन आठवडे झाले, ताई, रात्रंदिवस हेच. पोटात वारा धरते त्याच्या. अन् आजी हातबी लावत नाई! अर्ध्या अमरावतीचे लेकरं चोयले हिनं, अन् पनतूले शिवत नाई. आमी बाहेरची बाई लावली मालिशले, सांगा!"

"मी सांगते ना तुले, कसं चोयायचं ते," मनकर्णाबाई बाजेवरूनच म्हणाल्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले होते.

जुईली त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली. रस्ताभर जुळवलेली वाक्यं कुठे गेली ते तिला कळलं नाही. "मावशी, त्या दिवशी तुम्ही एकच वेढा दिला होता. मी मोजला होता. दुपारी ती रडत होती म्हणून मी जायफळ उगाळून दिलं. आठ वेढे. मी दिलं, मावशी. तुमचं काही चुकलं नव्हतं."

मनकर्णाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, अगदी मायेचं.

"एवढ्या दूर यासाठी आली तू?" त्या म्हणाल्या. "म्हातारीचं मन राखायले?"

"मन राखायला नाही. खरं सांगतेय."

"ऐक. मांगच्या साली इथीसा कँपात माह्या डोयाचं आपरेशन झालं. पट्टी सोडली अन् पायते तं काय, सगयं लख्ख! तवा मले समजलं, का आधी मले काईच दिसत नोतं. दिसत नाई हेबी समजत नोतं. मंग म्या आठवून पायलं. हातात जायफय होतं का सुंठ, एक देला का चार, काई सांगता येत नाई, माय. चुकलंच असन माह्याकडून. तुही माय बोलली ते बरोबर बोलली. म्हनून तं मी आता लेकराले हात लावत नाई."

"मावशी, शपथ घेते. अदितीची शप..."

मनकर्णाबाईंनी झटकन पुढे वाकून तिच्या तोंडावर हात ठेवला. "लेकराची आन घेते? येडी झाली का तू?" त्यांच्या हाताला अजूनही तेलाचा वास होता. "कोनती माय आपल्या लेकराले असं करन? तूच सांग. मले नको शिकवू. चाळीस वर्सं मी मायाच पायल्या."

जुईली खूप रडली. मनकर्णाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या, आणि आचलला म्हणाल्या, "पाय, आचल, हे खरी मोठ्या मनाची. माफ करायले आली मले. च्या मांड बरं."

चहा झाला. तो कसा लागला ते जुईलीला आठवत नाही. मध्येच तिने आचलच्या खांद्यावरून बाळ घेतलं आणि मनकर्णाबाईंच्या मांडीवर ठेवलं. "घ्या ना, मावशी. माझ्यासाठी घ्या." बाईंनी दोन्ही हात वर उचलले, पोलिसासमोर उचलतात तसे, आणि बाळ मांडीवर तसंच रडत पडलं. ते घसरायला लागलं तेव्हा आचलने धावत येऊन त्याला उचललं.

बसची वेळ झाली. आचल बाळाला घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. रडून रडून बाळ तिच्या खांद्यावर पेंगलं होतं.

"बरं झालं तुमी आले," आचल म्हणाली. "आजी नेहमी म्हनायची, जुई माह्याशी कधी बोलन का नाई."

जुईली थांबली. "आचल, मी आत जे बोलले ते खरं आहे. मी त्यांचं मन राखायला आले नव्हते. मीच दिलं होतं ते."

आचलने तिच्या तोंडाकडे पाहिलं. जागरणाने ते डोळे लाल झाले होते. तिने बाळाला खांद्यावर जरा घट्ट धरलं. आजीसारखं तिने विचारलं नाही, की कोणती आई असं करेल. तिला ते ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली. "होते तसं. परवा माह्याबी मनात काय काय येऊन गेलं." मग तिने विचारलं, "पन मंग दुसऱ्या दिवशी काहून नाई सांगतलं?"

वर्षभर शोधूनही जुईलीला याचं उत्तर सापडलं नव्हतं.

"अमरावतीले आईले सांगतलं? मालकाले?"

जुईलीने नाही म्हणून मान हलवली.

"तिकडं सांगा मंग आधी," आचल म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "जिथीसा तिचं नाव गेलं तिथीसा सांगा. अन् आजीले आता परत काई सांगू नका. तिले वाटून राहिलं का तुमी माफ केलं. वर्सभरानं हसली ती आज. तेवढं तरी राहू द्या तिच्याजवय."

गल्लीच्या पलीकडून बस स्टँडकडे वळताना दिसली. आचल बाळाला सावरत मागे वळली आणि घराकडे चालू लागली. आमच्या वऱ्हाडात दारी आलेला माणूस निघाला की त्याला "या बरं" म्हणतात, मग तो वसुलीला आलेला का असेना. आचल काही म्हणाली नाही.